रेंजवर केशरी दोरीची युक्ती

दहा मीटर रेंजवर एअर रायफल टेबलावर ठेवून पाणी प्यायला गेलं, की शेजारच्या लेनवरचा हमखास विचारतो, "रिकामी आहे ना रे?" उत्तर म्हणजे सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी आहे हे लांबूनच दिसावं म्हणून तिच्यातून घातलेली भडक दोरी. स्पर्धेत तो लागतोच, पण विकतच घ्यायला हवा असं नाही.

गवत कापायच्या मशीनची भडक केशरी नायलॉन दोरी मीटरभर आणा. २ मिलिमीटर जाडीची दोरी ४.५ मिलिमीटरच्या नळीतून आरामात जाते.

१. नळी टार्गेटकडेच ठेवून ब्रीच (छर्रा भरायचं नळीचं मागचं तोंड) उघडा, आत छर्रा नाही ना ते बघा.
२. मागून दोरी सरकवा. दोन्ही टोकं वीतभर बाहेर दिसू द्या. जास्तीची कापा.

मात्र कुणी फायरिंग लाइनच्या (जिथून नेम धरतात त्या रेषेच्या) पुढे गेलं असेल, तर दोरी सरळ करायलाही बंदुकीला हात लावायचा नाही.