महाबळेश्वरला स्मार्ट स्पीकर नेताय? मग हे घरूनच करून निघा

सगळ्यात आधी घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड एका कागदावर लिहून घ्या. बॅगा भरायच्या आधी, स्वेटर शोधायच्या आधी. आणि जसंच्या तसं लिहा: कुठलं अक्षर कॅपिटल, कुठलं स्मॉल, मध्ये मोकळी जागा आहे की अंडरस्कोअर, शेवटी आकडा आहे की नाही. "त्यात काय लिहायचं, पाठच आहे की" म्हणू नका. पाठ फोनला असतं. आपण तो पासवर्ड एकदा टाकलेला असतो, फायबर बसवायला माणूस आला होता त्या दिवशी, आणि त्यानंतर कधी बघितलेलाही नसतो. मागच्या खेपेला आमच्या बॅगेत झंडू बामपासून भडंगापर्यंत सगळं होतं, हा कागद सोडून. म्हणून ही यादी.

कागद कशाला, हे आता सांगतो.

स्पीकर थेट हॉटेलच्या वायफायला जोडायचा नाद सोडून द्या. लॉज असो की रिसॉर्ट, बहुतेक ठिकाणी वायफायला जोडलं की आधी एक पान उघडतं. खोली नंबर टाका, आडनाव टाका, नाहीतर मोबाईल नंबर द्या, ओटीपी येईल, खाली अटी मान्य असल्याची खूण करा. फोनला स्क्रीन आहे, ब्राउझर आहे, त्याचं काम होतं. अॅमेझॉनचा इको डॉट किंवा गूगलचा नेस्ट मिनी, अशा स्पीकरला दोन्ही नाही. पासवर्ड बरोबर दिला तरी इंटरनेट त्या पानाच्या पलीकडे राहतं, आणि आजी "अलेक्सा, हरिपाठ लाव" म्हणाल्या की आतून दिलगिरी ऐकू येते. काही उपकरणांच्या अॅपमधून हे पान फोनवर उघडून घेता येतं, पण त्या भरवशावर सांगलीहून निघू नका.

बरं, पान नसलेलं साधं पासवर्डवालं वायफाय मिळालं, तरी दुसरी भानगड असते. हॉटेलवाले पाहुण्यांची उपकरणं एकमेकांना दिसणार नाहीत अशी सोय करून ठेवतात. ते योग्यच आहे, नाहीतर शेजारच्या खोलीतला कुणीही तुमच्या स्पीकरवर लावणी लावेल. पण त्यामुळे तुमचा फोन आणि तुमचा स्पीकरही एकमेकांना दिसत नाहीत. एकाच वायफायवर असून कास्ट होत नाही, म्हणजे फोनवरचं गाणं स्पीकरवर पाठवता येत नाही, नेस्टचं सेटअप अर्ध्यावर अडकतं. रिसेप्शनवरच्या पोराशी वाद घालू नका, त्याच्याकडे पासवर्डच्या चिठ्ठ्यांपलीकडे काही दिलेलं नसतं.

तेव्हा आपलं नेटवर्क आपणच सोबत न्यायचं, आणि तेही घरच्याच नावानं. युक्ती एवढीच. स्पीकर नेटवर्क ओळखतो ते नावावरून आणि पासवर्डवरून. फोनच्या हॉटस्पॉटला घरच्या वायफायचं नाव दिलं, पासवर्ड तोच ठेवला आणि सुरक्षेचा प्रकारही तोच निवडला, की स्पीकरला आपण विश्रामबागेत आहोत की वेण्णा तलावाशी, काही फरक पडत नाही. प्लग लावला की मिनिटभरात तयार. अॅप उघडायला नको, सेटअप नको. फक्त नाव अक्षर न अक्षर तेच हवं. एक कॅपिटल चुकलं तरी त्याच्या लेखी ते परकं वायफाय. म्हणून म्हणतोय, कागद.

राउटरखालच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवलाय म्हणून निश्चिंत राहू नका. स्टिकरवर कंपनीचा मूळ पासवर्ड असतो आणि फायबर बसवणाऱ्यानं तो बहुधा बदललेला असतो. खरा पासवर्ड फोनमध्ये बघा. अँड्रॉइडवर वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कवर जाऊन शेअर दाबलं की क्यूआर कोड येतो, बऱ्याच फोनमध्ये त्याच्याखालीच पासवर्ड छापलेला असतो. आयफोनवर आयओएस 16 पासून नेटवर्कच्या नावापुढचं आय दाबून पासवर्ड दिसतो. बघा आणि लिहा. तिथं पोहोचल्यावर घरी बाबांना फोन करून विचारू म्हणाल, तर बाबा चष्मा शोधून, राउटर उलटा करून स्टिकरच वाचून दाखवणार. मग तो ओ आहे की शून्य, आय आहे की एल, यावर वीस मिनिटं जातात आणि राउटर उलटा करताना वायर निघून घरचं इंटरनेट बंद पडतं ते वेगळंच.

हॉटस्पॉटचे बारकावे. बँड, म्हणजे वायफायची फ्रिक्वेन्सी, 2.4 गिगाहर्ट्झ ठेवा. जुने स्वस्त स्पीकर 5 ला जोडले जात नाहीत, आणि महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांच्या जांभ्याच्या जाड भिंतींतून 2.4 जास्त बरं पार होतं. सुरक्षा डब्ल्यूपीए 2 ठेवा, नव्या फोनमध्ये डब्ल्यूपीए 3 आधीच निवडलेलं असू शकतं. अँड्रॉइडमध्ये कुणी जोडलेलं नसेल तर हॉटस्पॉट आपोआप बंद होण्याची सोय असते, ती काढून टाका. आयफोनवर हॉटस्पॉटचं नाव म्हणजे फोनचंच नाव, ते जनरलमध्ये अबाउटला जाऊन बदलायचं. आयफोन 12 किंवा त्यापुढचा असेल तर मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी चालू करा, त्यानं तो 2.4 वर येतो. आणि स्पीकर जोडला जाईपर्यंत हॉटस्पॉटचं ते पान उघडंच ठेवा, स्क्रीन बंद झाली की आयफोन गप्प होतो.

डेटाची काळजी लोक उगाच करतात. उत्तम दर्जाचं गाणं, म्हणजे 320 केबीपीएसचं, सलग वाजलं तर तासाला सुमारे 144 एमबी जातात. रोज 2 जीबी मिळत असतील तर 13 तास वाजवता येईल. तेवढा वेळ तर आजीही ऐकत नाहीत. म्हणजे खोलीत मोबाईलला रेंज असेल तर हॉटेलचं वायफाय लागतच नाही.

रेंज नसेल तर मात्र हॉटेलच्या वायफायवाचून गत्यंतर नाही, आणि महाबळेश्वरला एका खोलीत रेंज आणि शेजारच्या खोलीत शून्य असं सर्रास असतं. किल्ली लगेच घेऊ नका, आधी खोलीत जाऊन फोनची रेंज बघा, हवी तर खोली बदलून मागा. त्यातली गंमत अशी की वायफायच्या पानाला ओटीपी हवा, ओटीपीला रेंज हवी, आणि रेंज नाही म्हणून तर वायफाय. रिसेप्शनसमोर उभं राहून लॉगिन करा आणि मग खोलीत जा. पान उघडतच नसेल तर फोनच्या सेटिंगमधलं व्हीपीएन आणि प्रायव्हेट डीएनएस बंद करून बघा, नाहीतर ब्राउझरमध्ये neverssl.com टाका, बहुतेक वेळा पान समोर येतं.

आता ते वायफाय स्पीकरपर्यंत पोचवायचं. लॅपटॉप नेणार असाल तर सोपं आहे. विंडोज 10 आणि 11 मध्ये मोबाइल हॉटस्पॉट असतो. लॅपटॉपवर पान भरून लॉगिन करायचं आणि तेच वायफाय हॉटस्पॉटवरून पुढे द्यायचं, नाव-पासवर्ड पुन्हा घरचाच. लॅपटॉप झोपणार नाही असं सेटिंग करा, झाकण मिटलं की हरिपाठ थांबतो. काही अँड्रॉइड फोनही आलेलं वायफाय असंच पुढे देऊ शकतात, सगळे नाही. तुमचा देतो का ते घरीच बघून घ्या.

वरचेवर फिरणाऱ्यांनी सरळ छोटा ट्रॅव्हल राउटर घ्यावा. टीपी-लिंकचे, जीएल-आयनेटचे मिळतात, तळहाताएवढे, मोबाईलच्या चार्जरवर चालणारे. तो हॉटेलचं वायफाय घेतो आणि तुमच्या नावानं पुढे सोडतो. फोन त्याला जोडून एकदा पान भरलं की झालं. हॉटेलला एकच उपकरण दिसतं, त्यामुळे खोलीमागे दोनच उपकरणांची अट असली तरी अडत नाही. लॉगिनची मुदत मात्र लक्षात ठेवा, बऱ्याच ठिकाणी 24 तासांनी ते पान पुन्हा समोर येतं. स्पीकर अचानक मुका झाला तर आधी तेच तपासा, स्पीकर रीसेट करत बसू नका. राउटरमध्ये नाव-पासवर्ड घरीच भरून ठेवा. भरलात ना? आणि कागद?

नेस्टवाल्यांना एक जास्तीची सूचना. गूगलचा स्पीकर एका वेळी एकच वायफाय लक्षात ठेवतो, आणि ते विसरायला सांगायचं तर फोन त्याच वायफायवर असावा लागतो. म्हणजे हॉटेलात जाऊन घरचं नेटवर्क अॅपमधून काढता येत नाही, फॅक्टरी रीसेट हाच मार्ग उरतो. शिवाय हॉटस्पॉटचं नाव वेगळं ठेवलंत तर सेटअपला दुसरा फोन लागतो, हॉटस्पॉट देणाऱ्या फोनवरून ते होत नाही. हा सगळा ताप नको असेल तर काय करायचं ते वर तीनदा सांगून झालंय.

निघायच्या आदल्या दिवशी घरीच रंगीत तालीम करा. नाट्यपंढरीतले आहोत, तालमीचं महत्त्व आपल्याला वेगळं कुणी सांगायला नको. घरचा राउटर बंद करा, फोनचा हॉटस्पॉट चालू करा, स्पीकरचा प्लग काढून पुन्हा लावा. बोलला तर जिंकलात. पण त्याआधी टीव्ही, स्मार्ट बल्ब आणि दारावरचा कॅमेरा बंद करा. नाव तेच म्हटल्यावर तेही हॉटस्पॉटवर तुटून पडतात, आणि कॅमेरा तर चित्रीकरण इंटरनेटवर पाठवून दिवसाचा डेटा दुपारपर्यंत संपवतो. फोन ब्लूटूथनंही जोडून ठेवा, इंटरनेट बंद असताना जोडला जातो का तेही याच वेळी कळेल. सगळं फसलं तर फोनमध्ये उतरवून घेतलेला हरिपाठ तरी वाजेल. तेवढा उतरवून घ्या.

अडॅप्टर स्पीकरचाच घ्या. अलीकडच्या इको डॉटची आणि नेस्ट मिनीची पिन गोल असते, मोबाईलचा चार्जर तिथं बसत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड घ्या. बाकी चार्जर वगैरे घ्यालच.

अॅपमध्ये उपकरणाचं ठिकाण बदला, नाहीतर बाहेर धो धो कोसळत असताना अलेक्सा तुम्हाला सांगलीचं कोरडं हवामान सांगेल. घरी दुसरा स्पीकर किंवा स्मार्ट दिवे असतील तर खातं एकच आहे हे विसरू नका. हॉटेलच्या पलंगावरून "लाइट बंद कर" म्हणालात की सांगलीत जेवायला बसलेल्या बाबांच्या डोक्यावरचा दिवा जातो. अनाउन्समेंट, म्हणजे सगळ्या स्पीकरवर एकदम निरोप, केलीत तर तीही तिकडे ऐकू जाते. ड्रॉप इन, म्हणजे न विचारता दुसऱ्या स्पीकरशी थेट बोलणं जोडायची सोय, बंद करा, आवाजावरून खरेदी बंद करा. खोली साफ करायला कुणी येणार असेल तर माइक बंद करण्यापेक्षा प्लगच काढा, प्रश्न मिटला. आणि घरचा पासवर्ड आता तुमच्या हॉटस्पॉटचा पासवर्ड आहे, शेजारच्या खोलीतल्या पाहुण्यांनी मागितला तर देऊ नका.

पोचल्यावर: कार्ड काढलं की वीज जाणारा खाचा दाराशी असेल तर फ्रिजच्या मागचा प्लग बघा, तो सहसा चालू राहतो. पावसाळ्यात वीज जाते. इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखा असतो, प्लग असेलच असं नाही. वीज आली की स्पीकर आपोआप उठतो, हॉटस्पॉट चालू असला पाहिजे एवढंच. आवाज बेताचा ठेवा, भिंती जाड असल्या तरी दारं प्लायवूडची असतात.

निघताना: अडॅप्टर पलंगामागे राहतो, तो काढा. लावलेले गजर काढा. राउटर काढा. घरी आल्यावर उंबऱ्यातच हॉटस्पॉट बंद करा, नाहीतर सगळं घर तुमच्या मोबाईलवर चालायला लागेल. ठिकाण परत सांगली करा. कागद पाकिटातच राहू द्या, दिवाळीत कोकणात जायचं असेल तर तोच लागेल. मधल्या काळात कुणी पासवर्ड बदलला तर नवा लिहा.