हायब्रिड काकडी लावताय? निदान या चुका तरी टाळा

काकडी हे नवशिक्यांचं पीक, असं सगळे सांगतात. खरंच आहे ते. फक्त त्या नवशिक्याला दोन महिने स्वतःचे हात आवरता आले पाहिजेत. मला ओळखीपाळखीतून वेलांचे फोटो येत असतात, ‘काका, याला काय झालंय बघा ना.’ बऱ्याचदा वेलाला काहीही झालेलं नसतं. आणि जेव्हा झालेलं असतं, तेव्हा ते आठवड्यापूर्वी कुणीतरी घाईने केलेल्या उपायाचं फळ असतं. तेच ते सांगून कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून काढतोय. यातल्या निम्म्या चुका मी स्वतः केल्या आहेत, हेही आधीच सांगून टाकतो.

पाकीट फाडलं, बी काढलं, पाकीट फेकलं

बाकीच्या बऱ्याच चुका इथूनच फुटतात. हायब्रिड म्हणजे एकच एक काकडी नव्हे. पाकिटावर एफ-१ (म्हणजे पहिल्या पिढीचं संकरित बी) लिहिलंय एवढ्यावरून वेल कसा वागेल ते कळत नाही. फुलांच्या हिशोबाने ढोबळ तीन प्रकार असतात. पहिल्यात एकाच वेलावर नर आणि मादी दोन्ही फुलं येतात, साध्या काकडीसारखीच. दुसऱ्यात जवळजवळ सगळी फुलं मादी. पाकिटावर त्याला गायनोशियस म्हटलेलं असतं. तिसरा पार्थेनोकार्पिक, म्हणजे परागकण मिळाले नाहीत तरी फळ धरणारा. बरेच पार्थेनोकार्पिक वाण गायनोशियसही असतात, म्हणून दोन्ही शब्द शोधायचे. छाटणी करायची का, जाळी लावायची का, शेजारी दुसरी काकडी चालेल का, या सगळ्याची उत्तरं प्रकारानुसार बदलतात. आणि लोक सल्ला विचारतात तेव्हा वाणाचं नाव विचारलं की म्हणतात, ‘हायब्रिड आहे हो, चांगलं आहे.’

मी काय केलं होतं ते ऐका. काही वर्षांपूर्वी दहा बियांचं पाकीट आणलं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘भरपूर मादी फुलं’ होतं, माझ्यासारख्याला तेवढं पुरे. बिया तळहातावर ओतल्या तर नऊ फिकट पांढऱ्या आणि एक गडद निळी. म्हटलं, ही बिघडलेली दिसते. उचलली आणि टाकून दिली. वर घरच्यांना ऐकवलंही, की बी असं निवडून घ्यावं लागतं.

नऊच्या नऊ उगवल्या. महिन्याभरात वेल मांडवावर चढले, पेरापेराला फूल, प्रत्येक फुलामागे बोटभर नाही पण पेरभर काकडी. मी खूश. चार-पाच दिवसांत त्या काकड्या टोकाकडून पिवळ्या पडल्या, सुरकुतल्या आणि गळाल्या. मग दुसऱ्या आल्या, त्याही गळाल्या. मी पोटॅश दिलं. मग बोरॉन फवारलं. मग पाणी कमी केलं, मग वाढवलं. तीन आठवडे हा खेळ चालला. नशिबाने मी ते पाकीट फेकलं नव्हतं. खताच्या डब्याचं झाकण घट्ट बसावं म्हणून घडी करून खोचलं होतं. एक दिवस ते उलगडलं. मागे बारीक अक्षरात लिहिलेलं, की रंगीत बी परागकणांसाठी आहे, ती सोबत जरूर लावा. नऊ नवऱ्या मांडवात बसवल्या होत्या आणि नवरदेवाला मीच कचऱ्यात टाकलं होतं.

तेव्हा वेल वाचले ते शेजारच्या साध्या काकडीमुळे. रोज सकाळी तिथली चार-पाच नर फुलं डबीत घालून आणायचो आणि हाताने परागीभवन करायचो. पराग दुसऱ्या जातीच्या काकडीचे असले तरी चालतात. फळ वेलाच्या जातीसारखंच येतं, फरक पडतो तो आतल्या बियांत.

एक खुलासा मात्र हवा. पाकिटातल्या सगळ्याच बिया गुलाबी किंवा हिरव्या असतील तर तो नवरदेव नाही, ते बुरशीनाशकाचं लेपन आहे. अशा बिया भिजत घालू नका, लेप धुऊन जातो. पेरून झालं की हात साबणाने धुवा आणि मुलांच्या हाती देऊ नका.

हाताने परागीभवन करायची वेळ आलीच तर नीट करा. नर फुलाला मागे नुसतं बारीक देठ असतं, मादी फुलामागे लव असलेली इवलीशी काकडी. फूल एकच दिवस कामाचं असतं, त्यामुळे सकाळी उमलल्या उमलल्या, फार तर दहापर्यंत. नर फूल तोडून पाकळ्या मागे सोलायच्या, मधला दांडा बोटाला टेकवून बघायचा. पिवळी पूड लागली तर फूल उपयोगाचं, नाहीतर दुसरं घ्यायचं. मग मादी फुलाच्या आत फिरवायचं. इथेच लोक घाई करतात. मादी फुलातली कुक्षी, म्हणजे पराग धरणारा मधला भाग, तीन पाळ्यांची असते. एका बाजूला टेकवून हात काढलात की काकडी एका बाजूने भरते, वाकडी होते किंवा टोकाशी बारीक राहते. तिन्ही पाळ्या पिवळ्या दिसेपर्यंत हलक्या हाताने फिरवा. जमलं असेल तर तीन-चार दिवसांत काकडी जाड होऊन मान खाली घालते.

तिसऱ्या प्रकाराला, म्हणजे पार्थेनोकार्पिकला, यातलं काहीही करू नका. तिथे पराग पोचले तर उलट काकडीत बिया भरतात आणि फळ टोकाशी फुगीर, बेढब होऊ शकतं. म्हणून ती इतर काकड्यांपासून लांब किंवा जाळीत लावायची. पहिल्या दोन प्रकारांवर कीटकजाळी टाकून ती बंदच ठेवलीत तर मधमाशी येणार कुठून? फुलं लागली की सकाळी जाळी उघडायची.

‘नुसती नर फुलंच येतायत’

पहिल्या प्रकारात आधी आठ-पंधरा दिवस नर फुलंच येतात. थांबा. बाकी काही करायचं नाही.

थ्री-जी कटिंग

आता थोडं वादाचं. मुख्य वेलाचा शेंडा खुडा, मग फुटव्याचा खुडा, तिसऱ्या पिढीच्या फांदीवर मादी फुलंच मादी फुलं. व्हिडिओत हे फार छान दिसतं. नर-मादी दोन्ही येणाऱ्या वेलावर बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात हे खरं आहे, त्यामुळे शेंडा खुडण्यात तथ्य आहे. पण जो वेल पहिल्यापासून मादी फुलंच देतोय, त्याला थ्री-जी करून काय मिळवणार? तीन आठवडे उशीर, आणि प्रत्येक खुडीला एक ताजी जखम. या वेलांना उलटी छाटणी लागते. खालच्या पाच-सहा पेरांवरची फुलं आणि फुटवे काढून टाकायचे, म्हणजे मूळ आणि खोड आधी तयार होतं, मग एकच मुख्य वेल वर चढवायचा. पहिली काकडी हाताने तोडून टाकायला जीव होत नाही, हे मला मान्य आहे. माझाही होत नाही, डोळे मिटून तोडतो.

दुपारी माना टाकलेला वेल

दुसरी माझी आवडती चूक. कडक उन्हात काकडीची मोठी पानं दुपारी लोंबतात. मुळं पुरवतील त्याहून जास्त पाणी पानांतून उडून जातं, म्हणून वेल पानं ढिली सोडतो. संध्याकाळी तीच पानं परत ताठ. याला रोग म्हणत नाहीत.

माझ्या मेव्हण्याला हे तीनदा सांगितलं होतं. त्याचा वेल कुंडीत, मोठा सुरेख वाढलेला. दुपारी पानं लोंबली की हा पाणी घालायचा, तासाभराने परत बघायचा, अजून लोंबलेलीच, परत पाणी. आठवड्याभराने फोन आला, ‘दाजी, आता संध्याकाळीही उठत नाहीये.’ जाऊन बघितलं तर कुंडीखालच्या ताटलीत दोन बोटं पाणी, मातीला गटारासारखा वास. वेल उपटला तेव्हा मुळांची साल बोटात सुटून आली, आत नुसता दोरा राहिला. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं लोंबतात. पानं लोंबतात म्हणून हा पाणी घालतो. शेवटपर्यंत त्याचं म्हणणं एकच, ‘पण मी पाणी कधी चुकवलं नाही.’

माझी सवय सांगतो. वेलाकडे सकाळी बघायचं, दुपारी नाही. सकाळीही पानं लोंबलेली असतील तर मातीत दोन पेरं बोट घालायचं. कोरडं लागलं तर भरपूर पाणी, खालून निघेपर्यंत. ओलं लागलं आणि तरी वेल मलूल असेल तर दुखणं मुळाशी किंवा खोडात आहे, पाण्याने सुटणार नाही. पाणी बुंध्याशी द्यायचं, पानांवर नाही. पानं ओली राहिली की केवडा नावाचा रोग हमखास येतो, वरून पिवळे कोनदार ठिपके आणि खालून करडी बुरशी. पांढऱ्या पावडरीसारखी दिसते ती भुरी, ती मात्र कोरड्या हवेतही येते. दोन्हींत सुरुवातीला रोग दिसलेली पानं काढून टाका आणि वेलाची गर्दी कमी करा.

कडू काकडीचं खापर कारल्यावर फोडू नका. ‘शेजारी कारलं होतं म्हणून काकडी कडू झाली’ हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की ऐकणाऱ्याला पटतंच. काकडी आणि कारलं यांचा संकर होतच नाही. कडूपणा येतो कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यामुळे. ते वेलाच्या पानांत आणि खोडात असतंच. ऊन, ताण, आज कोरडं तर उद्या तुडुंब अशा पाण्याने फळातही उतरतं, तेही देठाकडे आणि सालीखाली जास्त. बऱ्याच नव्या हायब्रिड जातींत हा गुण काढून टाकलेला असतो, पण सगळ्यांत नाही. बुंध्याशी वाळक्या पानांचा चार बोटं थर घाला, ओल सारखी राहते. माझ्याकडे एवढ्यानेच फरक पडला.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

थंड मातीत पेरू नका. माती पंचवीस ते तीस अंश असेल तर बी आठवड्याच्या आत वर येतं, पंधराच्या खाली कुजतं. खोली दीड-दोन सेंटिमीटर, त्याहून खोल नको. ट्रेमध्ये रोप केलंच तर दोन खरी पानं आली की मातीच्या गोळ्यासकट हलवा. मुळं मोकळी झालेली या वेलाला खपत नाहीत.

वीस लिटरच्या कुंडीत एक वेल. दोन नाही. ‘लहान आहेत अजून’ म्हणून तीन ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

मांडव किंवा वेल चढवायची जाळी बी पेरायच्या दिवशीच बांधा. दोन हात वाढलेला वेल मागाहून उचलून बांधताना कुठेतरी मोडतोच.

हिरवीगार ताटाएवढी पानं आणि फळाचा पत्ता नाही? नत्र जास्त झालंय. युरिया आणि कोंबडीखत बंद.

कडुनिंबाचं तेल भर उन्हात मारू नका, पानं करपतात. कुठलीही फवारणी संध्याकाळी, मधमाश्या घरी गेल्यावर.

आता तोडणी. इतक्या कष्टाने आलेली काकडी ‘अजून थोडी मोठी होऊ दे’ म्हणून वेलावर ठेवणं ही चूक अनुभवी माणसंही करतात. फूल उमलल्यापासून साधारण आठ-दहा दिवसांत काकडी तोडायला येते. नेमकी किती लांब, ते पुन्हा त्या पाकिटावर असतं. एखादी पानाआड राहून पिवळी झाली की बी तयार झालं, आपलं काम संपलं, असं वेल धरून चालतो आणि नवी फुलं कमी होतात. मी भर हंगामात एक दिवसाआड फिरतो, पानं उलटून बघतो, आणि कात्रीने देठ ठेवून कापतो. ओढून काढायची नाही. एकदा ओढली तेव्हा काकडीबरोबर हातभर वेल आला होता.

काकडी कोवळेपणीच वाकडी होऊन एका जागी डिंकाचा थेंब दिसत असेल तर परागीभवनाला दोष देण्याआधी ती चिरून बघा. आत अळ्या असतील तर फळमाशी आहे. ती कोवळ्या फळात अंडी घालते. कामगंध सापळा (वासाने माश्या ओढणारा) लावला की झालं, असं समजू नका, त्यात फक्त नर अडकतात. एखाद्या बागेत एकच सापळा टांगून काही होत नाही. फळ धरल्या धरल्या कागदी पिशवी किंवा बारीक जाळीची पिशवी चढवा, आणि किडलेली फळं वेलाखाली पडू देऊ नका. ती मातीत पुरून विसरणंही नको, कारण माशीचा कोष मातीतच होतो. घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून आठवडाभर उन्हात ठेवा, मग फेका.

राहता राहिलं बी धरणं. खायच्या अवस्थेतल्या काकडीतलं बी कच्चं असतं, उगवतच नाही. आणि पूर्ण पिकवून काढलं तरी हायब्रिडचं बी पुढच्या पिढीत फुटतं, प्रत्येक वेल वेगळा निघतो. मला हे माहीत होतं, तरी एका वर्षी पाकिटाचे पैसे वाचवायला गेलो. चार वेल लावले. एकाला आखूड जाड काकड्या आल्या, एकाला लांब पण काटेरी, तिसऱ्याच्या इतक्या कडू की तोंडात धरवेनात. चौथा अगदी आईवर गेला होता. पण तो कुठला ते कळेपर्यंत हंगाम संपत आला होता.