पुस्तकाच्या कामासाठी ऑनलाइन फ्रीलान्सर नेमताना

आमची प्रकाशनसंस्था म्हणजे दोन माणसे आणि पुस्तकांनी भरलेली एक खोली. सह्याद्रीतल्या भटकंतीवरचे, १९५०च्या दशकात निघालेले एक पुस्तक लेखकाच्या वारसांच्या परवानगीने पुन्हा काढायचे ठरले, तेव्हा आमचे नेहमीचे अक्षरजुळणीकार निवृत्त झालेले होते. म्हणून मी पहिल्यांदाच फ्रीलान्सिंगच्या संकेतस्थळावर काम टाकले. वर्णनात ‘मराठी पुस्तकाचे टंकलेखन, २२० पाने’ एवढेच लिहिले. संध्याकाळपर्यंत चाळीसच्या वर प्रस्ताव आले आणि त्यांतले बहुतेक ‘आपली गरज मी काळजीपूर्वक वाचली आहे’ अशा वाक्याने सुरू होत होते. चार शब्दांत काळजीपूर्वक वाचण्यासारखे काय होते, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला मी काम देऊन टाकले.

आलेला मजकूर पाने स्कॅन करून यंत्राकडून ओळखून घेतलेला होता, आणि ‘दऱ्या’ हा शब्द सर्वत्र ‘दर्या’ झाला होता. सह्याद्रीच्या पुस्तकात पानोपानी समुद्र! ‘आचाऱ्यांनी’ रांधलेले जेवण ‘आचार्यांनी’ रांधले होते. चूक मुख्यतः माझी होती, कारण काय हवे आहे हे मी कुठेच सांगितले नव्हते. शिवाय सगळी रक्कम एकाच टप्प्यात ठेवली होती, आणि काम आले तेव्हा मी छापखान्याच्या धावपळीत असल्याने ते उघडून पाहिलेच नाही. मुदत उलटली आणि पैसे आपोआप त्याच्या खात्यात गेले.

ही मुदत नवख्यांनी नीट समजून घ्यावी. ठरावीक रकमेच्या करारात आपण भरलेले पैसे आधी संकेतस्थळाकडे अनामत राहतात आणि काम पसंत पडल्यावर सोडले जातात. पण अपवर्क या संकेतस्थळावर, उदाहरणार्थ, काम सादर झाल्यापासून १४ दिवसांत आपण मंजुरीही दिली नाही आणि बदलही सुचवले नाहीत, तर रक्कम आपसूक सुटते. तासावारी करारात तिथे कामाच्या दर दहा मिनिटांमागे संगणकाच्या पडद्याचे एक चित्र नोंदवहीत जमा होते, आणि आठवडा आपल्या घड्याळाप्रमाणे सोमवारी पहाटे साडेपाचला संपतो, म्हणून सोमवारी ती नोंदवही चाळण्याची सवय लावून घ्यावी. टंकलेखनासारख्या मोजता येणाऱ्या कामाला मात्र पानावारी दरच बरा, असे माझे मत झाले आहे.

दुसऱ्या वेळी मी दीड पान वर्णन लिहिले: मजकूर युनिकोडमध्ये हवा, ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांतला फरक पाळला जावा, पाने इनडिझाइन या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये लावायची असल्याने जोडाक्षरे तुटू नयेत म्हणून त्यातला वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडलेला असावा, ल आणि श मराठी वळणाचे दिसतील असाच फॉन्ट असावा. प्रस्ताव या वेळी नऊच आले. त्यांतल्या एका बाईंनी दर सांगण्याआधीच विचारले, “मूळ पुस्तकात अनुच्चारित अनुस्वार आहेत. ते तसेच ठेवायचे, की १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे काढायचे?” हा प्रश्न प्रकाशक म्हणवणाऱ्या मलाही सुचला नव्हता. तरीही मी त्यांना आधी पाचच पानांचे चाचणीचे काम दिले, आणि त्याचे पैसेही दिले. नमुना म्हणून फुकट काम मागणे मला पटत नाही, आणि चांगली माणसे तसे फुकट काम करतही नाहीत. पुढे ५० पानांचा एक असे टप्पे केले. पहिल्या टप्प्यात सापडलेल्या चुकांची यादी त्यांनी स्वतःच पुढच्या पानांसाठी वापरली.

अनुस्वार आम्ही ठेवले.

याच पुस्तकातल्या दोन प्रकरणांचा इंग्रजी अनुवाद करून घेतला, तेव्हा हक्कांचा मुद्दा आला. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७नुसार नोकरीत नसलेल्या अनुवादकाने केलेल्या अनुवादाचा पहिला मालक सामान्यतः तो अनुवादकच असतो. पैसे दिले म्हणून हक्क आपोआप आपले होत नाहीत, त्यासाठी लेखी हस्तांतर लागते. त्या हस्तांतराच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो केवळ भारत, असे कलम १९ गृहीत धरते. संकेतस्थळाच्या अटींत हस्तांतराचे कलम असले, तरी मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहिलेला वेगळा कागद आम्ही करून घेतो.

ओळख वाढली की पुढचे काम बाहेर, थेट खात्यावर पैसे देऊन करावे असा मोह दोन्ही बाजूंना होतो. अपवर्कच्या अटींप्रमाणे तिथे भेटलेल्या व्यक्तीशी दोन वर्षे व्यवहार तिथूनच करावे लागतात, किंवा वेगळे शुल्क भरावे लागते. शिवाय बाहेरच्या व्यवहारात वाद झाला तर अनामतीचे संरक्षण उरत नाही. करार बंद करण्यापूर्वी मी आता पीडीएफवर समाधान मानत नाही. इनडिझाइनची मूळ फाइल आणि चित्रे मागून घेतो, फॉन्टची नावे आणि परवाने विचारून ठेवतो, आणि ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून ‘दऱ्या’ शोधतो.