ट्रेल कॅमेऱ्यात सेल कोणते टाकायचे, म्हणजे रात्रीचे फोटो हुकणार नाहीत

ट्रेल कॅमेरा, म्हणजे झाडाला बांधून ठेवायचा आणि समोर जनावर हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, घेताना आपण मेगापिक्सेल बघतो, ट्रिगर स्पीड (हालचाल झाल्यावर किती पटकन फोटो निघतो) बघतो, फ्लॅश किती लांब जातो ते बघतो आणि सेल मात्र हाताला लागतील ते टाकतो. मी पण बरीच वर्षं हेच केलं. एका सीझनला पाणवठ्याकडे जाणाऱ्या वाटेवर कॅमेरा बांधला आणि पाच आठवडे तिकडे फिरकलोच नाही, कारण सारखं जाऊन माणसाचा वास सोडला की जनावर वाट बदलतं. नंतर कार्ड काढून बघतो तर दिवसाचे फोटो शेवटपर्यंत एकदम क्लिअर, पण रात्रीचे फोटो बाराव्या दिवसापासून काळपट होत गेलेले आणि पुढे पुढे तर रात्रीचा एकही फोटो नाही. मी समजलो की जनावरानं वाट सोडली. पण चिखलात ठसे बघितले तर ताजे! जनावर रोज रात्री येत होतं, आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बॅटरी अजून अर्धी दाखवत होती.

तर सगळ्यात आधी हे समजून घ्या, कारण बाकी सगळं यावरच आहे. ट्रेल कॅमेरा दिवसभर झोपलेला असतो, तेव्हा तो अगदी नावापुरता करंट खातो. दिवसा फोटो काढायला थोडा जास्त लागतो. पण रात्री फ्लॅशचे इन्फ्रारेड (डोळ्याला जवळजवळ न दिसणाऱ्या प्रकाशाचे) एलईडी पेटले की एकदम एक अँपिअरच्या आसपास किंवा त्याहून जास्त करंट ओढला जातो, आणि खरी परीक्षा त्या एका सेकंदात होते. सेलवर किती एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलची क्षमता) छापलंय यापेक्षा जोराचा लोड आल्यावर त्याचं व्होल्टेज किती टिकतं हे महत्त्वाचं. व्होल्टेज बसलं की काही कॅमेरे फ्लॅश कमी करतात आणि फोटो काळा येतो, काही तिथल्या तिथे बंद पडतात आणि सकाळी परत चालू होतात, म्हणजे तुम्हाला कळतच नाही. ज्या कॅमेऱ्याचा फ्लॅश अजिबात दिसत नाही, म्हणजे ९४० नॅनोमीटरवाला, त्याला तर लालसर चमकणाऱ्या ८५० वाल्यापेक्षा तेवढ्याच अंतरासाठी जास्त पॉवर लागते, कारण सेन्सरला ९४० चा प्रकाश कमी दिसतो.

थोडं गणित करून बघू. कॅमेऱ्यात आठ पेन्सिल सेल एका रांगेत जोडलेत, म्हणजे अल्कलाइन (एकदा वापरून टाकायचे, प्रत्येकी १.५ व्होल्टचे) असतील तर १२ व्होल्ट. नवीन अल्कलाइन सेलचा आतला रेझिस्टन्स साधारण ०.२ ओहम धरा, आठांचा मिळून १.६, म्हणजे एक अँपिअर ओढला की १.६ व्होल्ट आतच जातात आणि उरतात १०.४. ठीक आहे, चालतं. आता तेच सेल अर्धे उतरले, प्रत्येकी १.२५ वर आले आणि रेझिस्टन्स वाढून समजा ०.४ झाला, की १० मधून ३.२ जातात आणि राहतात जेमतेम ६.८ व्होल्ट. संपलं, रात्रीचा फोटो गेला. चांगल्या चार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेलचा रेझिस्टन्स ०.०३ च्या आसपास असतो, त्यामुळे आठ सेलचे १० व्होल्ट असतील तर फ्लॅशच्या वेळी पण साडेनऊच्या वरच राहतात. बघा, ज्या सेलवर १.२ व्होल्ट लिहिलंय म्हणून लोक नको म्हणतात तो रात्री १.५ वाल्याच्या पुढे निघून जातो.

पण थांबा, लगेच चार्जेबल घ्यायला पळू नका, आधी तुमच्या कॅमेऱ्यात सेल जोडलेत कसे ते बघा. काही कॅमेरे आठही सेल एका रांगेत लावून १२ व्होल्टवर चालतात, काही चार-चारच्या दोन रांगा करून ६ व्होल्टवर चालतात आणि चारच सेल टाकले तरी चालू होतात. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, नसेल तर बाहेरच्या बॅटरीच्या सॉकेटशेजारी ६ का १२ लिहिलंय ते बघा, त्यावरून अंदाज येतो. चार्जेबल टाकले की १२ चे ९.६ आणि ६ चे ४.८ होतात, आणि कॅमेरा किती व्होल्टला बॅटरी संपली असं धरतो ते कंपनीनं कुठे ठरवलंय यावर सगळं अवलंबून आहे. काही कॅमेरे चार्जेबल टाकल्या टाकल्या अर्धी बॅटरी दाखवतात आणि तरी महिने चालतात, काही रात्री चालतच नाहीत. मेन्यूमध्ये बॅटरी टाइप निवडायचा ऑप्शन असेल तर तो नक्की सेट करा, बरेच जण तो बघतच नाहीत. आणि मॅन्युअलमध्ये चार्जेबल वापरू नका असं स्पष्ट लिहिलं असेल तर ऐका, कारण असतं त्याला.

आता सेलचे प्रकार. माझं मत आधीच सांगतो: लांबच्या, थंडीच्या, वारंवार जाता येत नाही अशा जागी लिथियम, आणि जवळच्या कॅमेऱ्यांना, जिथे तीन-चार आठवड्यांनी चक्कर होते, तिथे चांगले चार्जेबल. अल्कलाइन फक्त अडीअडचणीला.

लिथियम म्हणजे इथे एकदा वापरून टाकायचे १.५ व्होल्टचे लिथियम पेन्सिल सेल, एनर्जायझर अल्टिमेट लिथियम हे नाव बहुतेकांना माहीत असतं. नवीन सेल मल्टिमीटरवर १.८ च्या जवळ दाखवतो, क्षमता ३००० एमएएचच्या वर, उणे ४० ते ६० डिग्री तापमानात चालतो, आणि सहसा गळत नाही. वजन एका सेलचं साधारण १५ ग्रॅम, अल्कलाइनचं २३, म्हणजे सहा कॅमेऱ्यांचे ४८ सेल पाठीवर घेऊन डोंगर चढायचा असेल तर ७२० ग्रॅम आणि ११०० ग्रॅममधला फरक खांद्याला कळतो. महाग आहेत, नाही म्हणत नाही, पण एका सेटवर अख्खा सीझन निघाला तर अल्कलाइनचे तीन सेट आणि तीन जास्तीच्या चकरा वाचतात. एकच लक्षात ठेवा, याचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सरळ राहतं आणि मग कड्यावरून पडल्यासारखं पडतं, त्यामुळे स्क्रीनवर फुल्ल दिसतंय म्हणून भरवसा ठेवू नका, सेल कधी टाकले ती तारीख लिहून ठेवा.

चार्जेबलमध्ये साधे निकेल मेटल हायड्राइड घेऊ नका, कारण ते पडल्या पडल्या पहिल्या महिन्यातच पाव हिस्सा चार्ज घालवू शकतात, आणि ट्रेल कॅमेऱ्यात सेल नुसते पडूनच असतात की. लो सेल्फ डिस्चार्ज लिहिलेलेच घ्यायचे. सान्योनं २००५ साली एनेलूप आणले तेव्हापासून हा प्रकार रूढ झाला, आता बऱ्याच कंपन्या करतात. यात पण २००० एमएएचच्या आसपासचे घ्या, २५०० वाले जास्त चालतील असं वाटतं पण ते कमी वेळा चार्ज होतात आणि पडून राहिल्यावर चार्ज लवकर घालवतात. चार्जर असा घ्या जो प्रत्येक सेल वेगळा चार्ज करतो, जोडीनं चार्ज करणारे चार्जर एक सेल उपाशी ठेवतात आणि दुसऱ्याला जास्त भरवतात. आठ-आठचे सेट करून मार्करनं नंबर टाका, क-१, क-२ असं काहीही, आणि तो सेट कायम एकत्रच ठेवा. चार्जरमध्ये कपॅसिटी टेस्ट असेल तर सीझनच्या आधी एकदा करा, आठात एक जरी सेल १२०० वर आलेला निघाला तर बाकीचे सात कितीही चांगले असोत, तो सेट त्या एकाच्याच चालीनं चालतो.

अल्कलाइन का नको ते वर गणितात आलंच, त्यात थंडी वाढली की अजून वाईट. आत पाण्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, ते गार झालं की सेल सुस्त होतो. शून्य डिग्रीच्या आसपास मोठ्या लोडवर क्षमता जवळपास निम्मी होते, आणि उणे १८ च्या खाली कंपन्याच चालवू नका म्हणतात. शिवाय संपलेले सेल आत तसेच राहिले की गळतात आणि स्प्रिंग खाऊन टाकतात. गळलेच तर आधी हातमोजे घाला, कापसाला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पांढरी पावडर पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पूर्ण कोरडं होऊ द्या. हेवी ड्यूटी असं लिहिलेले स्वस्त झिंक कार्बन सेल तर नकोतच, ते घड्याळाला आणि रिमोटला ठीक आहेत.

हल्ली १.५ व्होल्टचे यूएसबीनं चार्ज होणारे लिथियम आयन पेन्सिल सेल पण खूप दिसतात. त्यांच्यात आत एक छोटं सर्किट असतं जे व्होल्टेज कमी करून कायम १.५ देतं. फ्लॅशला छान, पण ते सर्किट स्वतः पण सतत थोडं थोडं खातं, आणि चार्ज संपला की सेल दिवा विझल्यासारखा बंद होतो, कॅमेऱ्याला सावध व्हायला वेळच मिळत नाही. त्यांच्यावर मोठा आकडा एमडब्ल्यूएचमध्ये (मिलिवॅट-तास) असतो, ३००० लिहिलं असेल तर १.५ नं भागा, २००० एमएएच. वाईट नाहीत, पण माझ्या लांबच्या कॅमेऱ्यात मी टाकत नाही. आणि हे मात्र नीट वाचा: १४५०० नावाचे सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखेच असतात पण ३.७ व्होल्टचे, फुल्ल चार्जला ४.२. आठ टाकले तर ३३.६ व्होल्ट, कॅमेरा जळणार. ते घरात असतील तर वेगळ्या डब्यात ठेवा.

किती दिवस चालतील हा प्रश्न सगळे विचारतात, तो सेलपेक्षा सेटिंगचा जास्त आहे. रात्रीत २० फोटो, प्रत्येकाला एक सेकंद एक अँपिअर, तर फ्लॅशचे मिळून साडेपाच-सहा एमएएच होतात. तेच २० वेळा ३० सेकंदांचा व्हिडिओ काढला तर १६७ एमएएच, म्हणजे २००० चा सेट बारा दिवसांत खल्लास, आणि यात कॅमेरा जागा होण्याचा, कार्डावर लिहिण्याचा खर्च धरलेलाच नाही. व्हिडिओ हवाच असेल तर १० सेकंदांचा ठेवा. आणि कॅमेऱ्यासमोरचं गवत, हलणारी फांदी काढा, वारा सुटला की शेकडो रिकामे फोटो निघतात आणि सेल त्यातच उतरतात. माझे तरी जितके सेल जनावरांनी संपवले नसतील तितके गवतानं संपवलेत.

सिमवाला कॅमेरा असेल तर हिशोबच वेगळा, फोटो पाठवायला सतत पॉवर लागते आणि सिग्नल कमी असेल तर तो जास्त जोर लावतो. लगेच पाठवण्याऐवजी दिवसातून एक-दोनदा पाठवायचं सेट करा. त्याला आत लिथियम टाका किंवा बाहेरून १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची सीलबंद लेड ॲसिड बॅटरी प्लास्टिकच्या डब्यात घालून खाली ठेवा. वायर जोडायच्या आधी पिनचा साइज आणि आतली बाजू प्लस का मायनस हे दोनदा तपासा. विश्रांतीत १२.६ च्या वर म्हणजे फुल्ल, १२.१ च्या आसपास आली की घरी आणून चार्ज करा, उतरलेली लेड बॅटरी कडक थंडीत गोठते आणि फुटते. त्याऐवजी हलकी लिथियम फॉस्फेट बॅटरी वापरत असाल तर शून्याच्या खाली तिला चार्ज करायचं नाही, डिस्चार्ज चालतो. सोलर पॅनल दाट झाडीत फार काही देत नाही, तो उन्हाच्या तुकड्यात लावता येत असेल तरच घ्या, आणि आत अल्कलाइन ठेवून पॅनल लावत असाल तर पॅनल आतल्या सेलना चार्ज करायला जात नाही ना, हे मॅन्युअलमध्ये बघा, अल्कलाइनला चार्ज दिला की तो गळतो.

नवे-जुने, दोन कंपन्यांचे, दोन प्रकारचे सेल एकत्र कधीच टाकू नका. कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्याला उलटा चार्ज करायला लागतात, तिथूनच गळती सुरू होते.

आणि बांधून यायच्या आधी एक टेस्ट घरीच करा. अंधाऱ्या खोलीत कॅमेरा चालू करून समोरून पंधरा-वीस वेळा चाला, मग पहिला आणि शेवटचा फोटो शेजारी ठेवून बघा. शेवटचा काळपट दिसला तर ते सेल जंगलात नेऊच नका, टॉर्चमध्ये संपवा. बरोबर जाताना एक सीलबंद नवा सेट आणि जुने सेल परत आणायला वेगळी पिशवी ठेवा, झाडाखाली एकही सेल टाकून यायचा नाही, ज्या पाण्याला जनावर येतं त्यातच सेलमधलं रसायन उतरतं.