मुलांना सायन्स सेंटर दाखवायला नेताय? या चुका टाळा

पहिला घोळ टॅक्सीतच होतो. मुंबईत वरळीला 'नेहरू' नावाची दोन ठिकाणं आहेत. हात लावून बघायचे प्रयोग आणि मोठी बाग असलेलं नेहरू सायन्स सेंटर डॉ. ई. मोझेस रोडवर, तर १९७७ पासून घुमटात तारे दाखवणारं नेहरू तारांगण डॉ. अ‍ॅनी बेझंट रोडवर. संस्था वेगळ्या, तिकिटं वेगळी. तारांगण सोमवारी बंद असतं. सायन्स सेंटरला महालक्ष्मी स्टेशनवरून जाता येतं, आणि मेट्रो ३ वर तर 'सायन्स सेंटर' नावाचं स्थानकच आहे.

आत शिरल्या शिरल्या एसीत पळू नका. सकाळी आधी बाग, ऊन चढलं की इमारत. उलटं केलंत तर भर दुपारी लोखंडी दांड्यांना हात लावणार कोण? बागेत 'मरुत' हे भारतात बनलेलं लढाऊ विमान आहे. १९६१ साली ते पहिल्यांदा उडालं. जुनी ट्रामही आहे. मुंबईतली ट्राम १९६४ मध्ये बंद झाली, त्यामुळे आजी-आजोबा बरोबर असतील तर तिथे जरा जास्त वेळ धरा. तेव्हाचं तिकीट, गर्दी, सगळं निघतं.

'हे चालतच नाही' ही तक्रार मात्र बहुतेक वेळा आपल्याच घाईची असते. विज्ञान उद्यानांत लांब अंतरावर समोरासमोर दोन मोठ्या वाटीसारख्या तबकड्या असतात. लोक तबकडीकडे पाठ करून एकमेकांकडे ओरडतात आणि मग म्हणतात, काही ऐकू येत नाही. तोंड तबकडीकडेच हवं, आणि तेही तबकडीसमोर बसवलेल्या गोल कड्यापाशी (रिंगपाशी) किंवा खुणेपाशी, कारण तिथे तबकडीचा नाभिबिंदू (फोकस) असतो. तिथून निघालेला आवाज तबकडीवर आपटून सरळ समोर जातो आणि पलीकडच्या तबकडीच्या नाभीपाशी गोळा होतो. तिथे कान नेला की कुजबुजही स्पष्ट ऐकू येते. मूल बुटकं असेल तर उचलून घ्या. कान खाली राहिला तर प्रयोग फसतो.

बटणांचंही तसंच. काही प्रयोगांची फेरी ठरलेली असते. पोरं बटण टकटक दाबत सुटतात. एकदा दाबून थांबायला सांगा. हवेच्या झोतावर चेंडू तरंगत असेल तर तो लगेच हिसकावू देऊ नका. हळूच बोटाने बाजूला ढकलायला सांगा. चेंडू परत झोतात येतो, आणि खरी गंमत तीच आहे.

पालकांची मला सगळ्यात खटकणारी सवय म्हणजे फलक मोठ्याने वाचून उत्तर आधीच सांगून टाकणं, आणि परतताना तोंडी परीक्षा. सहलीचा तास करू नका. सगळी दालनं एका दिवसात उरकायचा हट्टही सोडा. लहान मूल आरशांपुढे अर्धा तास रमलं तर रमू द्या. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात, तेव्हा आवडीच्या प्रयोगापाशी लवकर पोचा.

तारांगणात मराठी खेळाची वेळ आधी विचारून घ्या आणि अंधार होण्याआधी आत बसा. शक्यतो मागच्या, मधल्या खुर्च्या धरा. पुढून मान दुखते. अंधाराला घाबरणाऱ्या मुलाला आत काय होणार ते बाहेरच सांगून ठेवा. आणि टाच टेकली की चमकणारे लाइटवाले बूट त्या दिवशी घरीच राहू द्या, नाहीतर मागची रांग तारे सोडून तुमच्या पोराचे पायच बघत बसेल.