सान लोरेन्झोचा फॅन व्हायचंय? ट्रॉफ्या नंतर बघा, आधी नकाशा उघडा

मेस्सीमुळे अर्जेंटिना आवडायला लागली, आता तिथला एखादा क्लब धरावा म्हणून सर्च मारला की समोर येतं बोका नाहीतर रिव्हर. वाईट काहीच नाही त्यात, पण जरा हटके आणि भरपूर मसाला असलेला क्लब हवा असेल तर सान लोरेन्झो घ्या. तिथल्या पाच मोठ्या क्लबांपैकी एक. आता सुरुवात कुठून करायची ते सांगतो.

पहिलं काम, ब्युनोस आयर्सचा नकाशा उघडा आणि तीन मोहल्ले शोधा: आल्माग्रो, बोएदो, बाहो फ्लोरेस. क्लबचं पूर्ण नाव सान लोरेन्झो दे आल्माग्रो, जीव अडकलाय बोएदोत, आणि मॅच खेळतात बाहो फ्लोरेसला. हे त्रांगडं कसं झालं ते कळलं की अर्धा क्लब कळला, खरंच सांगतो.

आल्माग्रोची गोष्ट १९०८ ची. पोरं रस्त्यावर बॉल खेळायची, रस्त्यात ट्राम, त्यात एक पोरगा ट्रामखाली येता येता वाचला असं सांगतात. तिथला पाद्री लोरेन्झो मासा, त्याने पोरांना चर्चच्या आवारात खेळायला जागा दिली, अट एकच, रविवारी प्रार्थनेला यायचं. १ एप्रिल १९०८ ला रीतसर क्लब झाला. पोरं म्हणाली तुमचंच नाव देऊ, तर फादर नको म्हणाले, शेवटी संत लोरेन्झो आणि १८१३ ची सान लोरेन्झोची लढाई या दोघांच्या नावाने चालेल असं ठरलं. म्हणजे नाव फादरचंच राहिलं आणि फादरांचा नकारही राहिला 😄 जर्सीचे निळे-लाल पट्टे मेरीमातेच्या वस्त्रांवरून घेतले असं मानतात. फॅन्सना ‘कुएर्वोस’ म्हणजे कावळे म्हणतात ते पाद्र्याच्या काळ्या झग्यावरून. शेजारच्या मोहल्ल्यातला कट्टर दुश्मन उराकान, म्हणजे चक्रीवादळ, म्हणून हे स्वतःला ‘सिक्लोन’ म्हणवतात. तुम्ही वादळ तर आम्हीपण वादळ, असला हिशोब.

आता बोएदो. इथे घाई करू नका, एक संध्याकाळ द्या याला. आवेनिदा ला प्लाता या रस्त्यावर १९१६ पासून यांचं स्टेडियम होतं, लाकडी फळ्यांच्या स्टँड्सचं, गॅसच्या टाक्यांसारखं दिसायचं म्हणून नाव पडलं गासोमेत्रो. अर्जेंटिनाची नॅशनल टीमसुद्धा तिथे खेळायची, १९३७ ला ब्राझीलला हरवून दक्षिण अमेरिकेचा कप (आताची कोपा अमेरिका) जिंकली ती याच मैदानावर. क्लब म्हणजे फक्त मॅच नाही हेपण इथेच समजून घ्या, तिथे क्लबचे मालक म्हणजे मेंबर, प्रेसिडेंट मतदानाने निवडतात, बास्केटबॉलपासून सगळं एकाच आवारात, आख्खा मोहल्ला तिथेच पडीक असायचा.

मग १९७६ ला लष्करी राजवट आली. क्लब कर्जात, वरून शहराच्या प्रशासनाचा दबाव की जागा सोडा, इथून रस्ते काढायचेत, घरं बांधायचीत. २ डिसेंबर १९७९ ला बोकाविरुद्ध शेवटची मॅच झाली, ०-०, आणि मैदान गेलं. रस्ते-घरं काही झाली नाहीत, १९८५ ला त्याच जागेवर कारफूरचं सुपरमार्केट उघडलं. मधल्या काळात १९८१ ला टीम दुसऱ्या डिव्हिजनला घसरली, पाच मोठ्यांपैकी पहिलीच, मैदान नाही, दुसऱ्यांची स्टेडियमं भाड्याने घेऊन खेळायचे, आणि तरी १९८२ ला गर्दी अशी की वरच्या डिव्हिजनवाल्यांनी बघत राहावं. त्याच वर्षी परत वर. माझ्या मते क्लबची खरी ओळख या एका वर्षात आहे, कुठल्याही कपपेक्षा जास्त. बाहो फ्लोरेसचं आत्ताचं स्टेडियम १९९३ चं.

गोष्ट तिथे संपत नाही बरं. फॅन्सनी मागणी लावून धरली की आमची जागा परत द्या. ८ मार्च २०१२ ला प्लासा दे मायोवर, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, मोर्चा निघाला, लाखभर लोक होते म्हणतात, सुपरमार्केटच्या जागेसाठी! त्याच वर्षी नोव्हेंबरात शहराच्या विधिमंडळाने जागा क्लबला परत मिळावी असा कायदा केला. पैसे जमवायला फॅन्सनी चौरस मीटरच्या हिशोबाने जागा ‘विकत’ घेतली आणि १ जुलै २०१९ ला ताबा मिळाला. सर्च करायचं असेल तर ‘वुएल्ता आ बोएदो’ (Vuelta a Boedo, म्हणजे बोएदोला परत) स्पॅनिशमध्ये टाका, इंग्लिशमध्ये माहिती कमी सापडते.

ट्रॉफ्या आता बघा, पटकन. १९४६ ची टीम, फार्रो-पोंतोनी-मार्तिनोवाली, स्पेन-पोर्तुगाल गाजवून आली. १९६८ ला एकही मॅच न हरता चॅम्पियन, तेव्हापासून त्या टीमचं नाव ‘मातादोरेस’, म्हणजे बैलांशी झुंजणारे. १९७२ ला एकाच वर्षात दोन्ही लीग जिंकल्या, तेव्हा वर्षाला दोन लीग व्हायच्या. लिबर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचा सगळ्यात मोठा कप, मात्र येईना, बाकीचे क्लब त्यावरून भयंकर टोमणे मारायचे, शेवटी १३ ऑगस्ट २०१४ ला ओर्तिगोझाच्या पेनल्टीवर पराग्वेच्या नासिओनालला हरवून मिळाली. आठवड्याभरात ट्रॉफी घेऊन व्हॅटिकनला, कारण पोप फ्रान्सिस याच क्लबचे फॅन, लहानपणी ती १९४६ ची टीम मैदानात बघितलेले. त्यांचा मेंबर नंबर ८८२३५. एप्रिल २०२५ ला ते गेले तेव्हा वय ८८ आणि अर्जेंटिनातली वेळ पहाटे २:३५, फॅन्स तेव्हापासून हा हिशोब सगळ्यांना सांगत सुटलेत, योगायोगच, पण अंगावर काटा येतो राव.

शेवटचं प्रॅक्टिकल. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे, म्हणजे तिथली रात्री ९ ची मॅच आपल्याकडे पहाटे साडेपाचला. पहिली मॅच उराकानविरुद्धचीच धरा आणि आवाज चालू ठेवा, यांच्या स्टँड्समधली गाणी तिथे फेमस आहेत, कुठल्याही पॉप्युलर गाण्याची चाल उचलतात आणि शब्द स्वतःचे टाकतात. शब्द नाही कळले तरी ‘बोएदो’ ऐकू येतंय का बघा, येईलच.