शिमग्याआधी जाळरेषा काढा: काजू-आंबा बागायतदारांसाठी वणव्याच्या हंगामाचा सल्ला

काजूला मोहोर धरलाय, आंब्यावर फवारण्या चालू आहेत आणि गडग्यापलीकडचं, म्हणजे दगडी कुंपणापलीकडचं, गवत कमरेएवढं वाळून उभं आहे. महाराष्ट्रात वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतं, पण कोकणातल्या सड्यांवर (जांभ्या दगडाच्या पठारांवर) आणि सह्याद्रीच्या पायथ्याला गवत त्याआधीच पेट घेण्याजोगं होतं. बागेभोवतीची सगळी कामं शिमग्याच्या आधी उरकायला हवीत. एकदा काजू पडायला लागला की गडीमाणसं मिळत नाहीत, हे सांगायला नको.

मार्च २०२३ मध्ये गोव्यात जे झालं ते तिथल्या सत्तरी तालुक्यातल्या आणि शेजारच्या दोडामार्गातल्या कुणाही काजूवाल्याच्या लक्षात असेल. महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात म्हादई अभयारण्यात आगी लागल्या, त्या सत्तरीबाहेर दक्षिण गोव्याच्या डोंगरांतही दिसू लागल्या आणि त्या विझवायला कित्येक दिवस गेले. नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं बांबी बकेटने (खाली टांगलेल्या मोठ्या बादलीने) पाणी उचलून डोंगरावर ओतत होती. अभयारण्यांत विनापरवाना प्रवेश बंद झाला, तोही काजू पडायच्या ऐन दिवसांत. ज्यांच्या बागा जंगलाला लागून आहेत त्यांना एकाच वेळी आग आणि बंदी दोन्ही सोसावं लागलं. हेलिकॉप्टर येईपर्यंत बाग उरत नाही, म्हणून या सल्ल्यातला मोठा भाग आग लागण्याआधीचा आहे.

जाळरेषा

बागेच्या चारी बाजूंनी किमान १० फूट रुंदीचा पट्टा गवत, पालापाचोळा आणि वाळक्या काटक्या काढून मातीपर्यंत साफ करा. उताराच्या खालच्या अंगाला तो २० फूट ठेवा. आग चढावर झपाट्याने वर जाते. ढोबळ हिशेब असा की उतार १० अंशांनी वाढला की आगीचा वेग दुप्पट होतो. म्हणून बाग डोंगराच्या कुशीत असेल तर खालची बाजू आधी साफ करा, वरची नंतर. आपल्याकडे नेमकं उलट होतं. रस्ता खालून जातो, रस्त्याकडेला काय पेटणार असं वाटतं, आणि कुणीतरी फेकलेली विडी तिथूनच बागेत शिरते.

गडगा म्हणजे जाळरेषा नव्हे. दगडांच्या फटीत पाला अडकतो, वर रानवेली वाळतात, आणि आग गडग्यावरूनच चालत जाते. गडग्याच्या दोन्ही अंगांचं गवत काढा आणि त्याला टेकलेली वाळकी फांदी ठेवू नका.

ग्रास कटर चालवणार असाल तर सकाळी दंव असताना चालवा. जांभ्यावर पातं घासलं की ठिणगी पडते, आणि दुपारच्या वाळलेल्या गवताला तेवढी पुरते. तापलेल्या मशीनमध्ये पेट्रोल ओतण्याची घाई करू नका, मशीन गवतावर ठेवू नका. कापलेलं गवत पट्ट्यातच पडून राहिलं तर तो पट्टा उभ्या गवतापेक्षा वाईट. ते ओढून गोठ्यात न्या किंवा कंपोस्ट खड्ड्यात टाका.

आता आच्छादनाचा प्रश्न. उन्हाळ्यात कलमांच्या बुंध्याशी पाल्याचं आच्छादन करा असं आम्हीच सांगतो, आणि ओल टिकवायला ते चांगलंच आहे. पण हद्दीजवळच्या दोन ओळींत वाळका पाला ठेवणं म्हणजे आगीला पायघड्या घालणं. त्या दोन ओळींत बुंध्याभोवती तीन फुटांचं आळं मोकळं करा, पाला असेल तर त्यावर चार बोटं माती ओढा. आतल्या ओळींत आच्छादन राहू द्या.

ठिबकची लॅटरल नळी उघड्यावर असेल तर हद्दीकडची गुंडाळून ठेवा किंवा मातीखाली घ्या. बागेवरून वीजवाहिनी जात असेल तर खालचं गवत सगळ्यात आधी काढा. वाऱ्यात तारा एकमेकींना घासल्या की ठिणग्या पडतात, आणि कोकणात बागा जळण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. तारा लोंबत असतील तर महावितरणच्या स्थानिक कार्यालयाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. फोनवर सांगितलेलं नंतर कुठे दिसत नाही.

भाजावळ आणि आपलीच काडी

थोडं कटू बोलतो. आपल्याकडचे बहुतेक वणवे आकाशातून पडत नाहीत. फुलं वेचायला मोहाच्या झाडाखाली पेटवलेला पाला, शिकारीसाठी लावलेली आग, विडीचं थोटूक, काजूची बी दिसावी म्हणून पेटवलेला पाला, आणि 'जाळलं की गवत जोमाने येतं' ही जुनी समजूत. गवत आपल्या मुळांतून येतं, जाळलं नाही तरी येतं. जळालेल्या उतारावरची राख आणि वरची माती मृगाच्या पहिल्या दोन सरींत ओढ्याला जाते, आणि उरतो तो कातळ.

तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, राब भाजायचाच असेल (रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा जाळायचाच असेल) तर पाच गोष्टी पाळा. दुपारी नाही, सकाळी लवकर भाजा. किनाऱ्याकडून येणारा वारा ११-१२ च्या सुमाराला जोर धरतो आणि आगीला पूर्वेकडे, डोंगराकडे ढकलतो. भाजावळीच्या जागेभोवती सहा फूट जमीन खरवडून घ्या. किमान चार माणसं, दोन बॅरल पाणी आणि ओले टहाळे (पानांच्या फांद्या) हाताशी असू द्या. जंगल लागून असेल तर वनरक्षकाला आदल्या दिवशी कळवा. सगळं विझल्यावर राखेवर उलटा हात धरून बघा, ऊब लागली तर पुन्हा पाणी ओता. ज्यांना भाजावळ सोडायची आहे त्यांनी सगुणा राईस तंत्राचा विचार करावा. नेरळहून आलेल्या त्या पद्धतीत गादीवाफ्यावर थेट टोकणी होते, रोपवाटिका नाही आणि म्हणून राबही नाही.

राखीव वनाला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा पेटती ठेवून जाणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. त्याच कायद्याचं कलम ७९ मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. जंगलात चराई, लाकूडफाटा किंवा दुसरा कुठला हक्क असणाऱ्याने आगीची खबर देणं आणि विझवायला हात लावणं बंधनकारक आहे. अभयारण्यात आग लावायला वन्यजीव संरक्षण कायद्यानेही मनाई आहे.

बागेत पर्यटकांसाठी तंबू किंवा खोल्या असतील तर या महिन्यांत शेकोटी बंद. पाहुणे हट्ट करतात, गारठा आहे म्हणतात. त्यांना गोधडी द्या.

आग दिसल्यावर

पहिला फोन वनखात्याच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर, दुसरा आपल्या बीटच्या (वनखात्याच्या त्या भागाच्या) वनरक्षकाला. गोव्यात अग्निशमन दलाचा १०१. सांगताना 'डोंगरावर आग लागलीय' एवढं पुरत नाही. कुठल्या वाडीच्या वर, आग कुठल्या दिशेला चाललीय, गाडी कुठपर्यंत येते, हे सांगा. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगीचे इशारे मोबाईलवर पाठवते. 'वन अग्नि' पोर्टलवर आपलं वनक्षेत्र निवडून नाव मोफत नोंदवता येतं. पण उपग्रहाला आग दिसते ती तो डोक्यावरून जातो तेव्हा, त्यामुळे संदेशाची वाट बघत बसू नका. वाडीतल्या एखाद्या गुराख्याच्या हातात फोन असला तरी तो उपग्रहाच्या आधी सांगतो.

तुमच्याकडे आंब्याच्या फवारणीचा एचटीपी (जोराच्या दाबाचा) पंप आणि २०० लिटरची टाकी असतेच. हंगामभर एक टाकी स्वच्छ पाण्याने भरून वाहनावर ठेवा. आधी पाइप आणि टाकी धुऊन घ्या, औषधाचा अंश असलेलं पाणी आगीवर मारलं तर त्या वाफेचा त्रास आपल्यालाच होतो. गुडघ्याएवढ्या आगीला ओले टहाळे आणि पाणी पुरतं. ज्वाळा डोक्याच्या उंचीला गेल्या की टहाळा घेऊन समोर जाणं म्हणजे वेडेपणा. समोरून आग लावून ती थोपवण्याचा उद्योग तर वनखात्याच्या जाणत्या माणसांनीच करावा. वारा फिरला की ती तुमच्याच बागेत येते.

सुती कपडे, पूर्ण बाह्या, बूट. नायलॉनची टी-शर्ट अंगाला चिकटते. तोंडावर कोरडं सुती कापड बांधा, चिंब ओलं नको, गरम हवेत त्याची वाफ चेहऱ्याला भाजते.

आणि पळायची वेळ आली तर डोंगर चढू नका. ११ मार्च २०१८ ला तामिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर गवताळ उतारावर अडकले आणि २० हून अधिक जण दगावले. आग वर धावते, माणूस वर धावताना दमतो. आडवं किंवा खाली जा, आणि जमलं तर आधीच जळून काळ्या पडलेल्या जागेत शिरा. जळालेली जमीन दुसऱ्यांदा जळत नाही. आग अंगावर आली तर नाल्याच्या पात्रात किंवा कातळावरच्या मोकळ्या जागेत आडवे पडा, तोंड जमिनीकडे. रात्री वारा उलटतो आणि डोंगरावरून खाली वाहतो. ज्वाळा मंदावतात, पण जळते ओंडके घरंगळत येतात. ओढ्याच्या वरची बाग रात्री सुरक्षित आहे असं धरू नका.

वाडी सोडायची झाली तर

धनगरवाड्यावर किंवा डोंगरातल्या एकट्या घरात राहणाऱ्यांनी हे आजच ठरवून ठेवावं. वाट कुठली आणि दुसरी वाट कुठली, कारण एकच वाट असेल तर आग नेमकी तिच्यावर येते. सगळे कुठे भेटणार, म्हाताऱ्यांना कोण नेणार, गुरांना कोण सोडणार, हेही. दावी सोडत बसायला वेळ नसतो, गोठ्याच्या दारात कोयती टांगलेली हवी. गुरं सोडल्यावर गोठ्याचं दार बंद करा, नाहीतर घाबरलेलं जनावर ओळखीच्या गोठ्यात परत शिरतं.

गवताची उडवी घरापासून आणि गोठ्यापासून लांब, शंभर फुटांवर रचा. एकाच जागी पन्नास भाऱ्यांपेक्षा दोन जागी पंचवीस-पंचवीस बऱ्या. सिलिंडर बाहेर मोकळ्यावर काढून ठेवा. सातबारा, बँकेचं पासबुक आणि आधार एका पिशवीत दाराजवळ असावं. कौलांच्या फटीतून ठिणग्या आत शिरतात, तेव्हा माळ्यावरचा पेंढा हंगामापुरता खाली आणलेला बरा.

वनक्षेत्र बंद झालं तर

बंदी येते तेव्हा ती काजू पडत असताना येते, हे गृहीत धरा. जंगलातून बागेला जाणारी वाट असेल तर आत्ताच वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज देऊन ठेवा. अर्जात सर्व्हे नंबर, गड्यांची नावं आणि वाहन क्रमांक लिहा. ऐन वेळी नाक्यावर सातबारा दाखवून वाद घालण्यापेक्षा हातात शिक्क्याचं पत्र असलेलं केव्हाही बरं. प्रवेश मिळाला तरी गड्यांनी विड्या आणि काडेपेट्या नाक्यावर ठेवाव्यात, आणि सकाळी काजू वेचून दुपारपूर्वी बाहेर पडावं. बंदीच्या काळात तुमच्या बागेतून धूर दिसला तर पहिला संशय तुमच्यावरच येणार.

बाग जळल्यावर

त्याच दिवशी फोटो काढा, तारीख-वेळेसह. तलाठी, कृषी सहाय्यक आणि वनरक्षक यांच्याकडून पंचनामा करून घ्या. वीजवाहिनीमुळे आग लागल्याचा संशय असेल तर विद्युत निरीक्षकाचा अहवाल लागतो, तो येईपर्यंत तारांखालची जागा साफ करू नका. झाडांची नोंद सातबाऱ्यावर नसेल तर पंचनाम्यातल्या झाडांचा आकडा पटवणं कठीण जातं. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद, ज्यांनी टाळली त्यांनी या वर्षी करावी. हवामानावर आधारित फळपीक विमा पाऊस, तापमान, वारा यांच्या निकषांवर चालतो. शेजारच्या डोंगरावरून आलेली आग त्यात बसेल अशी आशा धरू नका.

झाडं मात्र घाईने तोडू नका. काळं पडलेलं झाड मेलेलंच असतं असं नाही. नखाने किंवा चाकूच्या टोकाने साल थोडी खरवडा, आत हिरवं दिसलं तर जीव आहे. जळलेला पाला आपोआप गळू द्या, हलकं पाणी देत राहा, उघड्या पडलेल्या बुंध्याला चुन्याचा हात द्या म्हणजे उन्हाने साल तडकणार नाही. छाटणी पहिल्या पावसानंतर, नवी पालवी कुठून येते ते बघून. कापलेल्या जागी बोर्डोपेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा. होरपळलेल्या काजूत खोड-मूळ पोखरणारी अळी, म्हणजे रोठा, लवकर शिरतो. बुंध्याशी भुसा आणि डिंक दिसतोय का ते दर पंधरवड्याला बघा.

कोवळ्या कलमांत एक फसवणूक होते. जळालेल्या कलमाला जूनमध्ये बुडातून जोमदार फुटवे येतात आणि माणूस खुश होतो. फुटवा जोडाच्या खालून आला असेल तर तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या रोपाचा आहे, वेंगुर्ला-४ या काजूच्या जातीचा नव्हे. तसा फुटवा ठेवायचा असेल तर पावसाळ्यात त्यावर पुन्हा मृदुकाष्ठ (कोवळ्या फुटव्यावरचं) कलम बांधावं लागेल, नाहीतर पाच वर्षांनी बी हातात घेतल्यावर कळेल. कलम बांधणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. वणव्याच्या वर्षी जुलैमध्ये त्याच्याकडे रांग असते.